लिहून कळविले म्हणजे कर्तव्य संपते काय?

आज्ञा देणारा एक आणि आज्ञा पाळणारा दुसरा, अशी रचना असल्याशिवाय कोणतीही मोठी संस्था चालत नाही. कुटुंब, शाळा, कचेरी, इस्पितळ, लष्कर या सर्वांना हा नियम लागू आहे. परंतु या रचनेतूनच एक जुना आणि अवघड प्रश्न उभा राहतो. वरून आलेली आज्ञा पाळणे शक्य नाही, ती पाळल्यास निष्पाप माणसांचा घात होईल, हे खालच्या अधिकाऱ्याला स्पष्ट दिसत आहे. तो तसे लिहून कळवितो. त्याचे लिहिणे कोणी मनावर घेत नाही. आज्ञा कायम राहते. आता त्याचे कर्तव्य संपले काय? ‘मी कळविले होते’ एवढे म्हणून त्याला मोकळे होता येईल काय? की कळविल्यानंतरच त्याच्या खऱ्या कर्तव्याला आरंभ होतो?

शांततेच्या काळात या प्रश्नाची धार सहसा जाणवत नाही. न वाचलेल्या अर्जामुळे एखादी फाइल रखडते, एखादे काम बिघडते, आणि मग ते दुरुस्तही होते. युद्धात मात्र न वाचलेल्या कागदाची किंमत माणसांच्या प्राणांनी चुकवावी लागते. म्हणून या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपल्याच देशाच्या इतिहासातील एक प्रसंग घेऊ. तो आहे १९६२ सालच्या चीन युद्धातील ७ व्या पायदळ ब्रिगेडचा आणि तिचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी यांचा.

दळवी यांचा जन्म १९२० साली बसरा येथे झाला. त्यांचे शिक्षण मुंबईत, येशूसंघीयांच्या सेंट मेरीज शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले. नेफामध्ये ब्रिगेडचे प्रमुखपद स्वीकारण्यापूर्वी लडाखची जबाबदारी असलेल्या कोअरमध्ये ते प्रशासन विभागाचे ब्रिगेडियर होते. हा तपशील महत्त्वाचा आहे. डोंगराळ मुलखात एका सैनिकाला उभे ठेवायचे तर मागे किती शिधा, किती इंधन, किती खेचरे आणि किती हमाल लागतात, याचा हिशेब त्यांनी वर्षानुवर्षे स्वतः केलेला होता.

ब्रिगेडप्रमुखाची लेखणी

युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवार किंवा तोफ येते. वस्तुतः ब्रिगेडप्रमुखाचा पुष्कळसा वेळ कागदात जातो. त्याच्या हाताखाली साधारणपणे तीन बटालियन असतात. प्रत्येक बटालियनमध्ये आज किती माणसे उभी आहेत, किती आजारी आहेत, प्रत्येकाजवळ किती काडतुसे आहेत, शिधा किती दिवस पुरेल, बूट आणि घोंगड्या किती हव्यात, हे सर्व त्याच्याकडे लेखी येते आणि तेथून लेखी वर जाते. वरून येणाऱ्या हुकमांचा प्रवास नेमका उलट्या दिशेने होतो. मुख्यालयात नकाशा पाहणारे लोक आणि बर्फात उभे राहणारे लोक यांच्यामध्ये हा एकच माणूस असा असतो की, ज्याला दोन्हीकडची भाषा कळते.

या कामाला आपण ‘कारभार’ असे रुक्ष नाव देतो आणि त्याचा नीतीशी काही संबंध आहे, असे आपल्या मनातही येत नाही. परंतु घोंगड्यांची संख्या लिहिणारा कारकून आणि त्या संख्येवर सही करणारा अधिकारी हे दोघेही एका अर्थाने साक्ष देत असतात. आपल्यासमोर नसलेल्या माणसाची खरी अवस्था ते तिसऱ्या माणसाला सांगत असतात. साक्ष खरी असेल तर निर्णय खरा होण्याची शक्यता निर्माण होते. साक्ष खोटी असेल तर निर्णय घेणारा कितीही सज्जन असला तरी तो आंधळाच राहतो.

नामका चूच्या काठी

प्रसंग थोडक्यात असा. १९६२ च्या जून महिन्यात आसाम रायफल्सच्या तुकडीने थागला डोंगररांगेच्या दक्षिणेस, नामका चू या नदीजवळ एक ठाणे उभारले. ते धोला ठाणे या नावाने ओळखले जाऊ लागले. तेथील सीमारेषेविषयी दोन्ही देशांत मतभेद होता. ८ सप्टेंबर रोजी चिनी सैनिक थागला ओलांडून ठाण्यासमोर आले. ठाण्याच्या प्रमुखाने बिनतारी संदेश पाठविला की, सुमारे ६०० चिनी आले आहेत. प्रत्यक्षात ते ६० च्या आसपास होते. मदत लवकर यावी म्हणून त्याने आकडा फुगविला होता.

दिल्लीत निर्णय झाला की, चिन्यांना हाकलून लावायचे. ही कामगिरी ७ व्या ब्रिगेडवर आली. ब्रिगेडचे ठाणे तवांगला होते. तवांगपर्यंतचा रस्ताच कच्चा आणि अपुरा होता, आणि त्यापुढे नामका चूपर्यंत तर पायवाट होती. वाटेत सुमारे १३,००० फूट उंचीची हाथुंगला खिंड लागत असे. सैनिकांच्या अंगावर उन्हाळी सुती गणवेश होते. बहुतेकांजवळ एकेक घोंगडी आणि ५० च्या आसपास काडतुसे होती. विमानातून टाकलेला माल त्सांगधार येथे उतरवायचा होता. त्यातील पुष्कळसा दऱ्याखोऱ्यांत पडून नाहीसा होई. तोफा तर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच. समोर चिनी सैन्य उंचावर होते आणि त्यांच्या पाठीमागे रस्ता होता.

दळवी, त्यांचे डिव्हिजनप्रमुख मेजर जनरल निरंजन प्रसाद आणि कोअरप्रमुख लेफ्टनंट जनरल उमराव सिंग यांना ही परिस्थिती दिसत होती. सप्टेंबरच्या अखेरीस या कामगिरीसाठी काय काय लागेल याचा तपशीलवार हिशेब करण्यात आला. त्यात शिधा, दारूगोळा, हिवाळी कपडे आणि तोफा या सर्वांचा समावेश होता. एवढे सामान हिवाळ्यापूर्वी तेथे पोहोचविणे शक्य नाही, हे त्या हिशेबातूनच सिद्ध होत होते. उमराव सिंग यांनी तो हिशेब वर, पूर्व विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल सेन यांच्याकडे पाठविला. याचा परिणाम काय झाला? कामगिरी रद्द झाली नाही. उमराव सिंग यांच्याकडून मात्र या आघाडीची जबाबदारी काढून घेण्यात आली आणि ४ ऑक्टोबर रोजी नव्या कोअरचे प्रमुख म्हणून लेफ्टनंट जनरल कौल यांना पाठविण्यात आले.

१० ऑक्टोबर रोजी त्सेंगजोंग येथे नदीपलीकडे गेलेल्या पंजाब बटालियनच्या सुमारे ५० जवानांवर चिन्यांनी मोठ्या संख्येने हल्ला केला. कौल यांनी तो प्रत्यक्ष पाहिला आणि परिस्थिती त्यांच्याही ध्यानात आली. ते दिल्लीला गेले. तेथे झालेल्या बैठकीनंतर हुकूम आला की, ब्रिगेडने नदीच्या काठीच राहायचे. १२ ऑक्टोबर रोजी पंतप्रधान नेहरू सिलोनला निघाले असता, आपला मुलूख मोकळा करण्याचा आदेश सैन्याला दिलेला आहे, असे त्यांनी विमानतळावर वार्ताहरांना सांगितले. कौल आजारी पडून दिल्लीला परतले आणि बिछान्यावरून कोअर चालवू लागले. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी सैन्याने हल्ला केला. काही तासांत ब्रिगेड ब्रिगेड म्हणून उरली नाही. एकट्या २ राजपूत बटालियनचे २८२ जण मृत्यू पावले. दळवी २२ ऑक्टोबर रोजी चिन्यांच्या हाती सापडले आणि मे १९६३ पर्यंत बंदिवासात राहिले. १९६९ साली त्यांनी ‘हिमालयन ब्लंडर’ हे पुस्तक प्रसिद्ध केले.

चार कागद

या प्रसंगात चार कागद आपल्यासमोर येतात. त्यांतील एक तर कधी लिहिलाच गेला नाही. नैतिक दृष्टीने त्यांचा स्वतंत्रपणे विचार केला पाहिजे.

पहिला कागद धोला ठाण्याच्या प्रमुखाचा, ६० चे ६०० करणारा. हा मनुष्य दुष्ट नव्हता. तो घाबरलेला होता, एकाकी होता, आणि आपल्या मूठभर माणसांसाठी मदत मागत होता. खरा आकडा कळविला तर वरचे लोक हालचाल करणार नाहीत, असे त्याला वाटले. त्याच्या जागी आपल्यापैकी कितीजणांनी वेगळे केले असते? तरीही त्याच्या संदेशाचा परिणाम पाहा. वरच्यांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवून घाईने पावले उचलली आणि सबंध देशात क्षोभ माजला. चांगल्या हेतूने केलेली अतिशयोक्ती हीदेखील असत्यच असते; कारण तिच्यामुळे ऐकणाऱ्याचे विचारस्वातंत्र्य हिरावले जाते. मात्र येथे दोष एकट्या सांगणाऱ्याचा नसतो. ज्या व्यवस्थेत खऱ्या आकड्याची कोणी दखल घेत नाही, ती व्यवस्था आपल्या माणसांना आकडे फुगवायला शिकवीत असते.

दुसरा कागद २२ सप्टेंबरचा. लष्करप्रमुख जनरल थापर यांना या कामगिरीतील धोके दिसत होते. चीन लडाखमध्ये प्रतिहल्ला करील, अशी भीती त्यांनी बोलून दाखविली. सरकारचा आग्रह कायम राहिला, तेव्हा त्यांनी हुकूम लेखी मागितला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन त्या वेळी न्यूयॉर्कला होते आणि पंतप्रधानही परदेशात होते. संरक्षण खात्याच्या एका सहसचिवाच्या सहीने लेखी हुकूम निघाला. लेखी हुकूम मागणे गैर नाही. पुष्कळदा ते आवश्यकच असते. परंतु येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेतला पाहिजे. हुकूम लेखी मागितल्याने जबाबदारी कोणाची हे ठरते. हुकूम योग्य की अयोग्य हे ठरत नाही. कागद हाती आल्यावर मनाला जो हलकेपणा वाटतो, त्याला आपण निर्मळ विवेक समजतो. वास्तविक भार नाहीसा झालेला नसतो; तो खाली, नदीकाठच्या जवानावर जाऊन पडलेला असतो.

तिसरा कागद ब्रिगेड, डिव्हिजन आणि कोअर यांच्या हिशेबाचा. त्यात शौर्याची भाषा नव्हती. इतके शिधे, इतकी काडतुसे, इतके दिवस, असा तो कोरडा हिशेब होता. परंतु माझ्या मते या सबंध प्रकरणातील सर्वांत नैतिक कागद तोच होय. न्याय्य युद्धाचा विचार करताना ख्रिस्ती परंपरेने यशाची वाजवी शक्यता ही एक अट घातलेली आहे. बाजू न्यायाची असली तरी ज्या लढाईत माणसे केवळ मरणारच आहेत, तिच्यात त्यांना लोटण्याचा अधिकार कोणालाही नाही. ही शक्यता आहे की नाही, हे भाषणांवरून ठरत नाही. ते घोंगड्या, काडतुसे आणि रस्ता यांवरून ठरते. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाचे जे भाग सांगितले आहेत, त्यांत दूरदृष्टी आणि सावधगिरी यांच्याबरोबरच दुसऱ्याकडून शिकण्याची तयारी हाही एक आहे. वरच्या अधिकाऱ्याला हा तिसरा भाग विशेष लागू पडतो. खालून आलेला हिशेब वाचून आपले मत बदलण्याची ज्याची तयारी नाही, तो धाडसी असू शकेल, विवेकी नव्हे.

चौथा कागद लिहिलाच गेला नाही. संरक्षणमंत्र्यांच्या दालनात या कामगिरीविषयी ज्या बैठका होत, त्या अतिगुप्त असल्यामुळे त्यांचे इतिवृत्त ठेवायचे नाही, असे मेनन यांनी ठरविले आणि तीच प्रथा पुढे चालू राहिली. युद्धानंतर लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांनी जी चौकशी केली, तिच्या अहवालात याची नोंद आहे. हा अहवाल १९६३ साली सादर झाला. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे ज्या प्रसंगाविषयी महाराष्ट्रात म्हटले जाते, तो हाच. सरकारने तो अहवाल अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४ साली बाहेर आला. गुप्ततेचे कारण युद्धकाळात अगदीच निराधार नसते. परंतु इतिवृत्त गुप्त ठेवणे वेगळे आणि ते न लिहिणे वेगळे. आपले शब्द नोंदले जाणार आहेत हे ठाऊक असले की मनुष्य बोलण्यापूर्वी विचार करतो. नोंदच होणार नसेल तर तो सहज होकार देतो, सहज गप्प बसतो, आणि उद्या ‘मी तसे म्हटलेच नव्हते’ असे सहज म्हणू शकतो. पुढे तसेच झाले. कौल यांनी १९६७ साली, दळवींनी १९६९ साली, गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख मलिक यांनी १९७१ साली आणि निरंजन प्रसाद यांनी १९८१ साली आपापली पुस्तके लिहिली. कोणी काय सांगितले, कोणी काय ठरविले, याविषयी त्यांची कथने एकमेकांशी जुळत नाहीत.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. दळवींचे पुस्तक हेदेखील घटनेनंतरचे आहे. ते अन्याय सोसलेल्या आणि आपली माणसे गमावलेल्या माणसाने लिहिले आहे, आणि त्यातील काही निर्णय कठोर असतील. कोणत्याही आत्मकथनाप्रमाणे तेही तपासून वाचले पाहिजे. परंतु सप्टेंबरमधील हिशेबाचे तसे नाही. तो परिणामापूर्वी लिहिलेला होता. पराभवानंतर शहाणपण सुचणे सोपे असते. पराभवापूर्वी, वरिष्ठांची नाराजी पत्करून, अप्रिय सत्य लिहून ठेवणे ही खरी साक्ष होय. आणि उमराव सिंग यांनी तिची किंमतही मोजली.

तीन मार्ग

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हिशेब वर गेला. कोणी मानला नाही. दळवींपुढे कोणते मार्ग होते?

पहिला मार्ग मुकाट्याने आज्ञा पाळण्याचा. सैनिकाने प्रश्न विचारू नये, असे आपण ऐकत आलो आहोत. परंतु आज्ञापालन हा सद्गुण आहे तो मनुष्याची बुद्धी गहाण टाकल्यामुळे नव्हे, तर समाईक हितासाठी ती दुसऱ्याच्या बुद्धीशी जोडल्यामुळे. म्हणूनच अक्वायनस यांनी आज्ञापालनाला मर्यादा घातली. प्रत्येक बाबतीत वरिष्ठाची आज्ञा बंधनकारक असतेच असे त्यांनी मानले नाही. ज्याला खड्डा दिसत आहे त्याने तो न दाखविता चालत राहणे, याला आज्ञापालन म्हणता येणार नाही.

दुसरा मार्ग राजीनाम्याचा. तो स्वच्छ दिसतो. १९ ऑक्टोबर रोजी समोरच्या चिन्यांची तयारी पाहून दळवींनी डिव्हिजनप्रमुखांना दूरध्वनीवरून सांगितले की, नदीकाठ सोडून त्सांगधारकडे मागे हटण्याची परवानगी द्या. ती मिळेना, तेव्हा आपल्या माणसांची कत्तल पाहत बसण्यापेक्षा आपण राजीनामा देऊ, असेही त्यांनी सांगितले. परंतु तोवर उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे तोफा सुरू झाल्या. राजीनामा दोन आठवडे आधी दिला असता तर? कदाचित दिल्लीला जाग आली असती. कदाचित आली नसती. त्यांच्या जागी अधिक आज्ञाधारक असा दुसरा कोणी आला असता आणि जवान तेथेच राहिले असते. उमराव सिंग यांच्या बाबतीत नेमके तेच झाले. मेंढरे लांडग्यांच्या तोंडी असताना मेंढपाळाने स्वतःचे हात स्वच्छ राहावेत म्हणून निघून जाणे, हे नेहमीच नीतीचे लक्षण ठरत नाही.

तिसरा मार्ग त्यांनी प्रत्यक्षात पत्करला. बोलत राहायचे, लिहीत राहायचे, आणि माणसांबरोबर राहायचे. हा मार्ग निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. त्यात राहणाऱ्यालाही कठोर निर्णय घ्यावे लागतात आणि त्यांचे ओझे आयुष्यभर वाहावे लागते. १० ऑक्टोबरला त्सेंगजोंग येथील तुकडीच्या मेजरने आपल्या बचावासाठी मशीनगन आणि उखळी तोफांचा मारा मागितला. दळवींनी तो दिला नाही. मारा केला असता तर नदीकाठी उघड्यावर असलेल्या सबंध ब्रिगेडवर चिन्यांचा हल्ला ओढवला असता, आणि तेव्हा तिच्याजवळ दारूगोळा नव्हता. थोड्यांना वाचविण्यासाठी सर्वांना धोक्यात घालायचे, की सर्वांसाठी थोड्यांना एकटे सोडायचे? मला या निर्णयाचा निवाडा करता येत नाही. एवढे मात्र निश्चित की, हा प्रश्न दळवींनी निर्माण केलेला नव्हता. वरच्या खोल्यांतून जो निर्णय व्हायला हवा होता आणि झाला नाही, त्याचे व्याज त्या सकाळी एका ब्रिगेडप्रमुखाकडून आणि ५० जवानांकडून वसूल केले गेले. जबाबदारी टाळली म्हणून ती नाहीशी होत नाही. ती खाली उतरत जाते आणि सर्वांत दुबळ्याच्या पदरी पडते.

मग कर्तव्य केव्हा पूर्ण होते?

माझ्या अल्पमतीप्रमाणे लिहून कळविणे हे कर्तव्याचे पहिले पाऊल आहे, शेवटचे नव्हे. ते पाऊल खरे पडावे यासाठी काही गोष्टी आवश्यक आहेत. लिहिलेले सत्य असावे. भीतीने वाढविलेले किंवा खुशामतीने घटविलेले नसावे. ते वेळेवर लिहिलेले असावे, म्हणजे निर्णय बदलणे शक्य असताना. ते योग्य व्यक्तीला लिहिलेले असावे. चहाच्या टेबलावर दहाजणांना सांगितलेले आणि अधिकाऱ्याला न सांगितलेले सत्य निरुपयोगी असते. आणि ते लिहिताना मनात हेतू कोणता आहे, हे लिहिणाऱ्याने स्वतःस विचारावे. समोरच्याने ऐकावे म्हणून मी लिहीत आहे, की त्याने ऐकले नाही तर मला बोट दाखविता यावे म्हणून? दोन्ही कागद वरून सारखेच दिसतात. पहिला लिहिणारा उत्तर आले नाही तर पुन्हा जातो, भेटतो, आर्जव करतो, दुसरा उपाय सुचवितो. दुसरा त्या कागदाची प्रत जपून ठेवतो आणि निश्चिंत झोपतो.

वाचणाऱ्याचेही कर्तव्य आहे, आणि त्याविषयी आपण फार कमी बोलतो. खालच्याने सत्य सांगावे अशी अपेक्षा करायची आणि सांगितले की त्याची बदली करायची, असे ज्या संस्थेत होते, तेथे काही वर्षांतच सर्व अहवाल गोड होतात. अधिकार हाती असलेल्या प्रत्येकाने, मग तो मंत्री असो, मुख्याध्यापक असो, घराचा कर्ता असो की धर्मगुरू असो, स्वतःस एक प्रश्न विचारावा: माझ्यापाशी अप्रिय बातमी घेऊन कोणी शेवटचे केव्हा आले होते? पुष्कळ दिवसांत आले नसेल तर सर्व काही ठीक आहे असा त्याचा अर्थ नसून, लोकांनी आपल्याला सत्य सांगणे सोडले आहे, असाही असू शकतो.

‘हिमालयन ब्लंडर’ या शीर्षकामागे एक स्मरण आहे. १९१९ साली रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहात हिंसा झाली, तेव्हा गांधीजींनी लोकांची तयारी होण्यापूर्वी त्यांना सत्याग्रहास बोलाविणे ही आपली हिमालयाएवढी चूक होती, असे जाहीरपणे कबूल केले आणि सत्याग्रह स्थगित केला. तयारी नसताना माणसांना पुढे ढकलणे, ही चूक दोन्ही प्रसंगी तीच होती. परंतु पहिल्या प्रसंगी नेत्याने ती स्वतः मोजली, स्वतः बोलून दाखविली आणि पाऊल मागे घेतले. दुसऱ्या प्रसंगी ती मोजून दाखविण्याचे काम खालच्या माणसाला करावे लागले, तेही सात वर्षांनंतर.

आपल्या घरांतून आज किती मुलेमुली बँकेत, पालिकेत, इस्पितळांत, शाळांत, कारखान्यांत काम करीत आहेत. रात्रपाळीची परिचारिका पाहते की, एका कक्षात दहा रुग्णांमागे एकच माणूस आहे. तरुण अभियंत्याला दिसते की, सिमेंट कमी पडत आहे आणि नोंदवहीत ते पुरेसे दाखविले जात आहे. शिक्षिकेला ठाऊक असते की, निकालाचे आकडे सजविलेले आहेत. यांपैकी कोणालाही युद्धभूमीवर जावे लागत नाही; पण त्यांच्यापुढचा प्रश्न तोच आहे. सही करावी की करू नये? कळवावे की गप्प बसावे? कळविल्यानंतर ऐकले नाही तर काय? अशा वेळी घरातील वडीलधारे पुष्कळदा सांगतात, “आपल्याला काय करायचे आहे? नोकरी सांभाळ.” या सल्ल्यामागे माया असते, हे खरे. तरीही तो सल्ला देण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. त्या सहीच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी मूल आहे, इस्पितळाच्या खाटेवर, पुलाखाली, किंवा नदीकाठी एका घोंगडीत.

१९६२ च्या युद्धातील भारताची हानी सरकारी आकडेवारीत अशी दिली आहे: १,३८३ मृत, १,६९६ बेपत्ता, ३,९६८ युद्धबंदी. या तीन आकड्यांतील मधला वाचताना माझे मन नेहमी अडखळते. ज्याचा मृत्यू कळला त्याच्या घरी शोक होतो आणि काळाने तो निवतोही. ज्याच्या नावापुढे ‘बेपत्ता’ लिहिले जाते, त्याच्या आईला रडावे की वाट पाहावी हे कळत नाही. अशा कितीतरी घरांतून टपालवाल्याची पावले वर्षानुवर्षे कान देऊन ऐकली गेली असतील. त्या घरांचा सेनाप्रमुखांशी, सचिवांशी, मंत्र्यांशी कोणताच परिचय नव्हता. त्यांच्या वतीने वर बोलणारे एवढेच लोक होते: काडतुसे मोजणारा सुभेदार, तो आकडा लिहून घेणारा बटालियनप्रमुख, आणि त्यावर सही करून तो पुढे पाठविणारा ब्रिगेडियर.

त्यांनी खरे लिहिले. ते पुरेसे ठरले नाही. म्हणून खरे लिहिणे व्यर्थ आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्यांनी लिहिले म्हणूनच आज आपल्याला कळते की, तो पराभव दैवाने आलेला नव्हता. तो टाळता आला असता. आणि पुढच्या वेळी कोणी खालून हिशेब पाठवील तेव्हा तो वाचला पाहिजे, हेही आपल्याला त्यामुळेच कळते. आपल्या हाती लेखणी असेल तर ती खरी चालावी, आणि आपल्या हाती अधिकार असेल तर आपले कान उघडे असावेत. कर्तव्याची ही दोन्ही अर्धी मिळाली तरच ते पूर्ण होते.